पैसा जास कथा?

गेल्या मे महिन्यात मी गावी होते, तेव्हा नानाच्या पिकअपचं पासिंग आलं होतं. नाना माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. साक्री तालुक्यात आमचं गाव. नाना गावातला कांदा पिंपळनेरला नेतो, हंगामात भाजीपाला घेऊन सुरतेपर्यंत जातो. गाडी ११ वर्षांची. आपल्या राज्यात ८ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो, तो त्याने भरला आणि पावती घेऊन टपरीवर आला. चहा येईपर्यंत पावती माझ्यासमोर धरून म्हणाला, "बाई, तू पगारना हिशोब करस ना? मंग माले सांग. भराले मन्ही ना नई. पन पैसा जास कथा?" म्हणजे, भरायला माझी ना नाही, पण पैसा जातो कुठे?

मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहते. एका मध्यम आकाराच्या कंपनीत पगारपत्रकं तयार करते. १९ वर्षं झाली. कोणाच्या पगारातून काय कापलं गेलं आणि ते कुठे गेलं, हे सांगणं माझं रोजचं काम आहे. तरीही नानाला मला उत्तर देता आलं नाही. पावतीवर आकडा होता, कराचं नाव होतं. त्या पैशातून धुळे जिल्ह्यात कुठे एखादं झाड लागलं का, एखाद्याला चार दिवसांचं काम मिळालं का, हे सांगणारी ओळ त्यावर नव्हती.

आमच्या घरच्या ग्रुपवर या विषयाचे दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, पर्यावरणाच्या नावाने लावलेला कोणताही कर शेवटी गरिबाच्या पोटावर येतो. डिझेल महाग, वीज महाग, मग कारखाना माणसं कमी करणार. दुसऱ्या तटात शिकलेली पोरं आहेत, ती म्हणतात, युरोपात बघा, तिथे प्रदूषण करणाऱ्याला पैसे मोजावे लागतात आणि तरी देश श्रीमंत आहे. आणि मग "आत्या, तू सांग" म्हणून चेंडू माझ्याकडे येतो. एका व्हॉइस मेसेजात मावेल असं हे उत्तर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी जर्मनीचं सांगते, कारण त्याचे धागे रोज माझ्या हाताखालून जातात. १ एप्रिल १९९९ पासून इथे पर्यावरणीय करसुधारणा लागू झाली. पेट्रोलवरचा कर पाच वर्षं दरवर्षी लिटरला ६ फेनिगने, म्हणजे आजच्या साधारण ३ सेंटने वाढवायचा, विजेवर नवा कर बसवायचा, आणि त्यातून येणारा बहुतेक पैसा पेन्शनच्या तिजोरीत घालायचा, असं ठरलं. इथे पेन्शनचा हप्ता पगाराच्या टक्क्यांत कापतात, अर्धा कामगाराचा आणि अर्धा मालकाचा. १९९८ साली हा हप्ता २०.३ टक्के होता. कर लागू झाला त्याच दिवशी तो १९.५ वर आला आणि २००१ पर्यंत १९.१ वर. त्यामागचा विचार सरळ होता. माणूस कामावर ठेवणं स्वस्त करा आणि इंधन जाळणं महाग करा. कामावरचा बोजा उचलून धुरावर ठेवा. त्या काळी लोक पंपावर म्हणायचे, गाडी पळवा, पेन्शन भरा.

आजच्या पगारावर हिशोब मांडून दाखवते. महिन्याला २८०० युरो मिळवणाऱ्या कामगाराचा हप्ता १.२ टक्क्यांनी उतरला, तर त्यातला अर्धा त्याच्या वाट्याचा, म्हणजे १६ युरो ८० सेंट त्याच्या हातात जास्त पडतात. तेवढेच मालकाचे वाचतात. महिन्याला ६० लिटर पेट्रोल जाळणाऱ्याला पाच टप्प्यांच्या वाढीने ९ युरोंच्या आसपास जास्त मोजावे लागतात. म्हणजे नोकरी करणारा, बेताने गाडी चालवणारा माणूस तोट्यात जात नाही. पुढे हप्त्याचा दर इतर कारणांनी वरखाली झाला, आज तो १८.६ टक्के आहे. रोजगारावर झालेला परिणाम अभ्यासकांच्या मते फार मोठा नव्हता, पण चांगल्या दिशेचा होता. कारखाने ओस पडतील हे भाकीत तर नक्कीच खरं ठरलं नाही.

पण याला दुसरी बाजू आहे आणि "युरोपात बघा" म्हणणाऱ्यांनी ती ऐकली पाहिजे. हप्ता कमी झाल्याचा फायदा हप्ता भरणाऱ्यालाच. जो आधीच पेन्शनीवर आहे, जो शिकतोय, जो बेकार आहे, त्याने इंधनाचा कर भरला आणि त्याला परत काही मिळालं नाही. सगळ्यांत जास्त ऊर्जा खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना करात घसघशीत सूट मिळाली, ती अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. २०२१ पासून पेट्रोल, डिझेल आणि घर तापवायच्या गॅसवर कार्बनचा वेगळा भाव लागला. सुरुवातीला टनभर कार्बन डायऑक्साइडला २५ युरो, २०२५ मध्ये ५५. याच्या बदल्यात प्रत्येक नागरिकाच्या खात्यात हवामान-भत्ता टाकू, असं २०२१ सालच्या आघाडी सरकारने लिहून दिलं होतं. ते सरकार गेलं, भत्ता आलाच नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, नवरा खाणीत होता. दर हिवाळ्यानंतर गॅसचं बिल घेऊन त्या माझ्याकडे येतात, कार्बनच्या ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे पैसे राहतात कुठे?" ७९ वर्षांच्या जर्मन बाईचा प्रश्न आणि साक्रीच्या पिकअपवाल्याचा प्रश्न एकच आहे.

आता आपल्याकडे येऊ. भारतात कोळशावर पर्यावरणाच्या नावाने उपकर बसला तो २०१० साली, टनाला ५० रुपये. तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला. २०१४ मध्ये उपकर १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. आठ पट वाढ सहा वर्षांत, आणि कुठेही दंगा झाला नाही. एक युनिट वीज करायला ढोबळमानाने ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे टनाला ४०० रुपये हे युनिटमागे २५ पैशांच्या आसपास. नानाच्या घरातल्या पंख्यानेही हा कर भरला आहे, त्याला कधी कळलं नाही इतकंच.

२०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकराचे ८६ हजार कोटींहून जास्त रुपये जमा झाले. त्यातले निधीत वळते झाले साधारण २९ हजार ६०० कोटी. आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे १६ हजार कोटी. हे आकडे सरकारनेच दिलेले आहेत. शंभरातले अठरा-एकोणीस रुपये जिथे जायला हवे होते तिथे गेले. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा हा उपकर जीएसटी भरपाईच्या उपकरात विलीन केला गेला. ज्या पैशाने सूर्य-वाऱ्याची वीज उभी राहायची, तो राज्यांच्या महसुलाची तूट भरायला गेला. हे मी रागाने नाही, दुःखाने लिहिते आहे. कारण लोकांकडून कर घेणं जमलं होतं. अवघड अर्धं झालं होतं, आणि सोपं अर्धं आपण केलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा तो ४०० रुपयांचा उपकर गेला आणि कोळशाचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टीव्हीवर सगळे मोटारी आणि साबण स्वस्त झाल्याचं बोलत होते, कोळशाचं फारसं कोणी बोललं नाही. त्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली वाईट. आधी कर टनावर होता, आता किमतीवर आहे. हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशावर आधी ५० आणि ४०० असे ४५० रुपये पडायचे, आता १८० पडतात. म्हणजे जितका कोळसा हलका, जितकी राख जास्त, तितका कर उलट कमी. पर्यावरणाच्या दृष्टीने हे पाऊल मागे गेलं.

दुसरी गोष्ट चांगली होऊ शकते, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले. उपकराचा पैसा केंद्र गोळा करतं, राज्यांना तो मिळाला तो फक्त तूट भरण्यापुरता, नेहमीच्या वाटणीत तो नव्हता. जीएसटीची होते, आणि ती माल जिथे वापरला जातो त्या राज्याला. वीज जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे वीज केंद्राला कोळशावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो कर तिजोरीतच राहतो. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात जो कोळसा जळतो, त्याच्यावरच्या कराचा अर्धा भाग महाराष्ट्राच्या वाट्याला येतो. हिशोबाच्या माणसाला हे लगेच दिसतं, पण धुळे-जळगावच्या एकाही पुढाऱ्याच्या तोंडून मी अजून हे ऐकलेलं नाही. या पैशाला आज नाव नाही. त्याला नाव द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

नाव द्यायचं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला जर्मनीकडून शिकायची गरज नाही. आपण ते १९७५ साली केलं आहे, जर्मनीच्या २४ वर्षं आधी.

माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आजी, तिची जाऊ आणि गावातल्या पन्नास-साठ बाया. कामावर सुकडी हे पिठाचं कोरडं खाणं मिळायचं, आजी आपल्या वाट्याची अर्धी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. सुकडीचा वास त्यांना म्हातारपणीही आठवायचा. त्या दुष्काळी कामांतून तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम.

या कामाचा पैसा आणला कुठून? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाला २५०० च्या वर जात नाहीत, तोच हा कर. ज्याच्याकडे बांधलेला पगार आहे त्याने थोडं द्यावं, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला त्यातून काम मिळावं, आणि जेवढं करातून येईल तेवढंच सरकारनेही आपल्या खिशातून घालावं, अशी ती घडी होती. कर आणि रोजगार एकाच कायद्याच्या धाग्यात ओवलेले. १९९० मध्ये याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. आमच्या बरड जमिनीत वडिलांनी बोरं लावली ती त्याच योजनेतून. खड्डे खणायची मजुरीसुद्धा मिळाली. मी ज्या पैशांवर धुळ्याला बी.कॉम. केलं, त्यात त्या बोरांचा वाटा होता.

या योजनेला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. हजेरीच्या मस्टरवर खोटी नावं चढली, मेलेली माणसं कामावर दिसली. पुढेपुढे कराचे पैसे साचत गेले आणि कामं आक्रसत गेली, यावर विधिमंडळात आणि बाहेर पुष्कळ बोललं गेलं. २०१५ सालचं उदाहरण तर ताजं आहे. दुष्काळासाठी म्हणून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये अधिभार लावला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, अधिभार मात्र निघाला नाही. असं झालं की माणूस पुढच्या करावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

ग्रुपवरची पोरं म्हणतात, मग जर्मनीसारखंच करू, कोळशावर कर आणि पगारावरची कपात कमी. इथे मला त्यांना थांबवावंसं वाटतं. जर्मनीची युक्ती चालली, कारण तिथे जवळपास प्रत्येक कामगाराच्या पगारातून काहीतरी कापलं जातं. जिथे कपातच नाही तिथे काय कमी करणार? आमच्या गावातून दिवाळीनंतर जे ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांना मुकादमाची उचल असते, पगारपत्रक नसतं. सुरतेला उधना-लिंबायतच्या खोल्यांत राहून लूमवर बारा तास उभे राहणारे आपले खान्देशी, त्यांना नगावर पैसे मिळतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर दिवसभर वाकून मिरची निवडणाऱ्या बाईला रोज मिळतो. यांच्यापर्यंत हप्त्यातली सवलत कधीच पोचणार नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पैसा कामाच्या रूपानेच जायला हवा, आजीपर्यंत गेला तसा.

हप्त्याची सवलत उपयोगी पडेल ती एका पातळ थराला, पण तो थर आपल्याकडे महत्त्वाचा आहे. माझा मामा एका औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात होता. यंत्रावर तिसेक माणसं, पटावर १९. वीस झाली की पीएफ लागतो. मालक वाईट नव्हता, मामाच्या आजारपणात त्याने पदरचे पैसे दिले. पण माणसामागे १२ टक्के भरायचे म्हटलं की त्याचा हात आखडायचा. मामा ६० व्या वर्षी रिकाम्या हाताने घरी बसला. केंद्राने २०१६ मध्ये एक योजना आणली होती, नव्या कमी पगाराच्या कामगारासाठी मालकाच्या हप्त्याचा भाग सरकार भरणार, आणि २०१८ मध्ये तर पूर्ण १२ टक्के तीन वर्षं सरकारने उचलले. काही काळाने नवी नोंदणी थांबली. कोळशाच्या कराला असं एखादं कायमचं काम बांधून दिलं असतं, तर जळगाव-धुळ्याच्या लहान कारखान्यांत पटावरची माणसं वाढली असती. जर्मनीने जे केलं त्यातला आपल्या मापाचा तुकडा एवढाच.

कराने रोजगार जातो, हे म्हणणारा तट पूर्ण चुकीचा नाही. तो जातो, पण जिथे आपण बघतो तिथे नाही. भुसावळ घ्या. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा असतो, आणि मालाच्या भाड्यातून रेल्वे प्रवाशांच्या तिकिटाचा तोटा भरून काढते. ताप्ती लाइनवरच्या पॅसेंजरमध्ये दाटीवाटीने बसून जो मजूर सुरतेला जातो, त्याच्या स्वस्त तिकिटाच्या मागे कुठेतरी कोळशाची एक वाघीण उभी आहे. कोळसा उद्या कमी झाला, आणि तो व्हायलाच हवा, तर हे तिकीट कोण स्वस्त ठेवणार? सार्वजनिक खर्चाचा हा धागा अर्थसंकल्पात सरळ दिसत नाही. पर्यावरण कराची हीच खोच आहे. कर यशस्वी झाला की त्याचं उत्पन्न घटतं. म्हणून त्यावर कायमचे पगार, कायमची सवलत बांधायची तर ती घट आधीच धरून बांधावी लागते. जर्मनीलाही हे आता कळतंय, विजेच्या गाड्या वाढल्या की पेट्रोलचा कर कमी होणार.

मी राहते तो रूर खोरं हा कोळशाचाच मुलूख. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाचे सहा लाख खाणकामगार होते, त्यातले बहुतेक इथे. २१ डिसेंबर २०१८ ला जवळच्या बॉट्रॉपमध्ये शेवटची खाण बंद झाली. कोळशाचा शेवटचा तुकडा वर आणून राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला, आणि आमच्या खालच्या आजी टीव्हीसमोर रडल्या. सहा दशकांच्या या उतरणीत मोठ्या संख्येने माणसं रस्त्यावर आली नाहीत. कोणाला लवकर पेन्शन दिली, कोणाला दुसरं काम शिकवलं. जिथे तेव्हा एकही विद्यापीठ नव्हतं तिथे बोखुम, डॉर्टमुंडला विद्यापीठं काढली. अफाट पैसा लागला. तरी गेल्झेनकिर्खेनमध्ये आजही जर्मनीतली सगळ्यांत जास्त बेकारी मोजली जाते. म्हणजे एवढं करूनही पुरं पडलं नाही. आणि एक गोष्ट मला दर वेळी अंगावर येते. खाणींमुळे इथली जमीन काही ठिकाणी वीस-वीस मीटर खचली आहे. पंप थांबले तर वस्त्या पाण्याखाली जातील, म्हणून पंप चालू ठेवावे लागतात, उद्या, परवा, कायमचे. त्या खर्चासाठी २००७ साली एक प्रतिष्ठान स्थापून वेगळा पैसा ठेवला. कोळसा कंपनीच्या इतर धंद्यांतल्या पैशातून कोळशाच्या नंतरची सोय.

दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि ६६० चा नवा उभा राहिला. आपल्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राख असते. ती राख वेल्हाळ्याच्या बाजूला तलावात साचते, तिच्या विटा होतात, सिमेंटमध्ये जाते, तरी उरते. नवा संच आणखी तीसेक वर्षं चालेल. त्यानंतर राखेचं काय, भोवतीच्या टपऱ्यांचं, वीटभट्ट्यांचं, ठेकेदाराच्या मजुरांचं काय, यासाठी आज बाजूला काढलेला एक रुपया मला दिसत नाही. तीस वर्षं हा मोठा काळ आहे, आजपासून टनामागे थोडे थोडे काढले तर पुरतील.

आणि स्वच्छ वीज आली म्हणजे आपोआप न्याय आला असंही नाही. आमच्या डोंगरावर ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या फिरतात, साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. गावातल्या किती पोरांना तिथे काम आहे? राखणदारी, गवत काढणं, पॅनल पुसणं. आणि जानेवारी २०१८ मध्ये शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील, ८४ वर्षांचा शेतकरी, वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या, पुढे सौर प्रकल्पाला ठरलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागत मंत्रालयात गेले आणि तिथे विष घेतलं. ते वाचले नाहीत. हरित ऊर्जेवर मी या देशात बसून कितीही बोलेन, पण त्या बातमीच्या दिवशी मला कामावर बसवत नव्हतं. हिरव्या कामाचा पैसा मोजताना गावातल्या माणसाचा नंबर शेवटी लागत असेल, तर ते काम मुळात हिरवं नाही.

युरोपात राहते म्हणून आणखी एक सांगते. १ जानेवारी २०२६ पासून युरोप बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतांवर कार्बनचा आकार घेतोय. ज्या देशाने आपल्या घरी कार्बनची किंमत वसूल केली असेल त्याला तेवढी वजावट. म्हणजे आपण कर लावला नाही, तर तो ब्रुसेल्सला भरला जाणार. हा नियम मला न्याय्य वाटत नाही, दीडशे वर्षं धूर काढणाऱ्यांनी आता तो दुसऱ्यांच्या मालावर मोजावा हे पटत नाही. पण पैसा जाणारच असेल, तर तो साक्रीच्या नाल्यावर खर्च व्हावा की तिकडे, याचं उत्तर मला माहीत आहे.

तर माझं मत असं. नानाच्या जुन्या पिकअपपासून सुरुवात करू नका. त्याच्याकडे नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत म्हणून तो जुनी चालवतो. करामुळे तो धूर कमी करणार नाही, दोन खेपा जास्त मारेल. सुरुवात कोळशापासून करा, आणि कर किमतीवर नको, टनावर हवा. राज्याच्या वाट्याला येणाऱ्या कोळशाच्या जीएसटीला व्यवसाय करासारखं कायद्याने काम बांधून द्या. त्यातला मोठा हिस्सा कोळसा जळतो त्या जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारच्या कोरड्या तालुक्यांत पाणलोटाच्या, वनीकरणाच्या मजुरीवर जावा. सातपुड्याच्या उतारांवर, तापीच्या उपनद्यांवर, आमच्या बुजलेल्या पाझर तलावांवर तीस वर्षं पुरेल इतकं काम पडलेलं आहे. ते यंत्राने नका करू. जेसीबी दोन दिवसांत तलाव उपसतो आणि मजुरी कोणाच्याच घरात जात नाही.

हे सगळं मी परवा फोनवर नानाला सांगितलं. कोळसा, जीएसटी, वाटणी, सगळं. तो शांतपणे ऐकत होता, मध्ये त्याने एका गिऱ्हाइकाला भाडंही सांगितलं. मग म्हणाला, "समदं बरोबर शे. पन मस्टर कोन भरी?"

मला आजीची भिंत आठवली. तिला अक्षर येत नव्हतं. कामावरून आली की चुलीतला विझलेला कोळसा घेऊन ती दाराशेजारच्या भिंतीवर एक रेघ ओढायची. पगाराच्या दिवशी मुकादम नाव आणि दिवस मोठ्याने वाचायचा, आणि आजी घरून रेघा मोजूनच गेलेली असायची. एकदा दोन दिवस कमी वाचले, तर आजी जागची हलली नाही, बाकीच्या बायाही बसून राहिल्या, संध्याकाळी ते दोन दिवस वहीत चढले. वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी त्या भिंतीकडे हात करायचे. घर पाडून नवं बांधलं, तरी त्या जागेकडे हात करायचे.

नानाला म्हटलं, आता तुमच्याकडे फोन आहे, ग्रामसभेत वाचायला लावा, किती कर आला, किती दिवस काम झालं, कोणाला किती मिळाले. तो म्हणाला, मे महिन्यात तू येशील तेव्हा ग्रामसभा असते, तूच उभी राहून विचार. मी रजेचा अर्ज दिला आहे.